"आपलं इंटरनेट तपासा" म्हणे!

मंडळी, या विकांताला जरा भांडायचा मूड आहे. भांडण कुणा माणसाशी नाही, एका वाक्याशी आहे. तुम्ही सगळ्यांनी ते वाचलेलं आहे. ॲप उघडायचं, मधोमध गोल गोल फिरणारं ते चक्र बघत बसायचं, आणि मग एक पांढरी चौकट येते. "जोडणी होऊ शकली नाही. कृपया आपलं इंटरनेट तपासा आणि पुन्हा प्रयत्न करा." (असतं इंग्रजीतच. मराठीत असतं तेव्हा 'नेटवर्क त्रुटी आढळली' असलं काहीतरी तहसील कचेरीतल्या फलकासारखं असतं.)

या वाक्यावर माझा राग आहे कारण कित्येकदा ते खरं नसतं. आणि खरं नसूनही ते इतक्या नम्रपणे बोलतं की समोरचा माणूस निमूट उठून राऊटरचे दिवे मोजायला लागतो. मी धंद्याने सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे हे वाक्य कुठून येतं ते मला चांगलं ठाऊक आहे. प्रोग्रॅममध्ये शंभर गोष्टी बिघडू शकतात. त्यातल्या पाच-सहांचा नीट विचार केलेला असतो. उरलेल्या चौऱ्याण्णवांसाठी खाली एक मोठी टोपली ठेवलेली असते, आणि त्या टोपलीवर चिठ्ठी चिकटवलेली असते: "आपलं इंटरनेट तपासा."

आता हे एवढं मनाला लावून घेण्यासारखं आहे का? मलाही इतकं वाटलं नसतं. पण यंदा हदगावात जे झालं ते सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

हदगाव म्हणजे नांदेड जिल्हा. नांदेडहून नागपूरच्या रस्त्याला सत्तरेक किलोमीटर, आणि पुढे पैनगंगा ओलांडली की उमरखेड, म्हणजे विदर्भ सुरू. (पुण्यात "हडपसरचे का तुम्ही?" असं विचारणारे महाभाग भेटतात. नाही हो. हदगाव.) आई-अण्णा तिथे असतात. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. ताई उसगावात, डॅलसला. तिची धाकटी आता दीड वर्षाची आहे, चार दात आणि भरपूर मतं असलेली.

दर रविवारी सकाळी आठला व्हिडिओ कॉल हा आमच्या घरचा नियम. तिकडे तेव्हा शनिवारची रात्र असते, साडेनऊ. हिवाळ्यात तिकडची घड्याळं तासभर मागे जातात म्हणून साडेआठ. अण्णांनी हे कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवलंय. कॉल फोनवर नाही, लॅपटॉपवरच. याला कारण आहे. आईला गेल्या सात-आठ वर्षांपासून ऐकू कमी येतं. मशीन आहे, पण त्यातून येणारा आवाज तिला "पत्र्यावर पाऊस पडल्यावानी" वाटतो. ती ओठ बघून समजून घेते. पंधरा इंची पडद्यावर ताईचे ओठ दिसतात. फोनच्या तळहाताएवढ्या पडद्यावर दिसत नाहीत, त्यात दीड वर्षाचं कार्टं फोन धरून पळत असेल तर विचारूच नका. तेव्हा आमच्या आईसाठी व्हिडिओ म्हणजे काही चैन नाही. तिचं ऐकणंच त्यातून होतं. साधा फोन लावून दिला तर ती "हो, हो, बरं आहे" म्हणते आणि अण्णांकडे देते.

तर हा कॉल एका रविवारी झाला नाही. अण्णा म्हणाले, लाईन नव्हती. (आमच्याकडे वीज जात नाही, लाईन जाते.) पुढच्या रविवारी पाहुणे आले होते. तिसऱ्या रविवारी कुणाच्या तरी लग्नाला तामशाला जायचं होतं. ताईला वाटलं, असेल. मलाही वाटलं, असेल. चौथ्या आठवड्यात आईने शेजारच्या पोराच्या फोनवरून मला व्हिडिओ कॉल लावला आणि हळू आवाजात सांगितलं (तिच्या मते हळू, शेजारच्या तीन घरांना ऐकू गेलं असणार):

"अण्णांकडून काहीतरी दाबल्या गेलंय म्हणे त्या लॅपटॉपचं. दिसायलंच नाही काही. तुला सांगू नको म्हणलेत."

तीन रविवार! पोरगी त्या तीन आठवड्यांत चालायला लागली होती, आणि आईने ते पाहिलं नव्हतं.

अण्णांनी नक्की काय काय केलं ते नंतर कळलं. चौकट म्हणाली इंटरनेट तपासा, म्हणून त्यांनी इंटरनेट तपासलं. राऊटर बंद-चालू केला. फायबरवाल्या पोराला बोलावलं. त्याने बघितलं, म्हणाला सर, नेट एकदम ओके आहे. चार दिवसांनी पुन्हा बोलावलं, पुन्हा ओके. बिल भरलंय का ते बघितलं, भरलेलं होतं. आता बघा, माणूस गणिताचा मास्तर. चौकटीने त्यांना एकच संशयित दिला होता. तो निर्दोष निघाला. मग घरात उरलं कोण? ते स्वतः. चाळीस वर्षांत पगारपत्रकात एक रुपयाची चूक न केलेल्या माणसाने सरळ निष्कर्ष काढला की आपलंच बोट चुकीच्या जागी पडलं, पोरांनी एवढ्या हौसेने दिलेली वस्तू आपण बिघडवली. आणि ही गोष्ट पोरांना सांगायची लाज वाटली.

मला चीड आली ती इथे.

आता मूळ बिघाड काय होता ते सांगतो, कारण तो भारी आहे. मी व्हॉट्सॲपवर फोनच्या कॅमेऱ्यातून लॅपटॉपचा पडदा बघत होतो. फोन त्याच वाय-फायवर, आणि आमचा कॉल मस्त चाललेला, म्हणजे नेटचा विषय पाच सेकंदांत संपला. ॲप उघडलं, चौकट आली. मग अण्णांना म्हणालो, ब्राउझर उघडून कुठलीही साईट लावा. त्यांनी लावली आणि सावकाश वाचून दाखवलं, "युअर... क्लॉक... इज... बिहाइंड." बघा हं, ब्राउझर खरं बोलला. तेवढ्यात मागून आई पुढे आली. ती पडद्याकडे नेहमीच सगळ्यांपेक्षा जास्त निरखून बघते. खालच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, "इथं दोन हजार पंधरा लिहिलंय की."

१ जानेवारी २०१५. लॅपटॉप त्या दिवशीच राहत होता.

असं का झालं? लॅपटॉप बंद असला तरी त्यातलं घड्याळ चालू राहावं म्हणून आत एक छोटा, नाण्याएवढा सेल असतो. बऱ्याच यंत्रांत तो सीआर २०३२ असतो, तोच जो मोटारीच्या किल्लीत किंवा वजनकाट्यात सापडतो. मोठी बॅटरी जागेवर असेल तोवर या सेलवर फारसा भार नसतो. आमच्या लॅपटॉपची मोठी बॅटरी फुगली होती, म्हणून ती काढून ठेवली होती आणि लॅपटॉप नुसत्या चार्जरवर चालत होता. (फुगलेली बॅटरी काढणं अगदी योग्य. कुणी ती तशीच वापरत असाल तर हा लेख सोडा आणि आधी ती काढून घ्या.) अण्णा काटकसरी, काम झालं की भिंतीवरचं बटण बंद. म्हणजे आठवड्यातले सहा दिवस तेवीस तास बिचारा एकटा सेल घड्याळ ओढत होता. एक दिवस तो संपला. त्यानंतर दर वेळी लॅपटॉप चालू केला की घड्याळ कारखान्याने ठरवून दिलेल्या तारखेपासून सुरू.

पण घड्याळ चुकलं तर व्हिडिओ कॉल का बंद पडावा? हा प्रश्न अण्णांनीही विचारला, आणि मी त्यांना एसटीच्या पासचं उदाहरण दिलं. सुरक्षित जोडणी करताना तिकडचा सर्व्हर आपला पास दाखवतो. त्याला प्रमाणपत्र म्हणतात. त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध' असं लिहिलेलं असतं. आपला लॅपटॉप हा कंडक्टर. कंडक्टरच्या खिशातलं कॅलेंडर २०१५चं असेल तर या वर्षीचा अस्सल पास बघूनही तो म्हणणार, "याची मुदत अजून सुरूच झाली नाही, उतरा खाली." पास खरा, प्रवासी खरा, रस्ताही मोकळा. फक्त कॅलेंडर जुनं.

यावर एखादा हुशार वाचक विचारेल की लॅपटॉप आपोआप वेळ जुळवतो ना? जुळवतो. त्यासाठीची एनटीपी नावाची पद्धत डेव्हिड मिल्स या प्राध्यापकाने १९८५च्या सुमारास आणली आणि पुढे कित्येक वर्षं सांभाळली. (२०२४च्या जानेवारीत ते गेले. जगातली जवळजवळ सगळी घड्याळं त्यांच्या कामावर चालतात आणि नाव कुणाला माहीत नाही. असो.) पण या पद्धतीत एक शहाणा संशयीपणा आहे. फरक थोडा असेल तर मुकाट्याने दुरुस्त करायचा, फार मोठा असेल तर आधी शंका घ्यायची, कारण कुणीतरी मुद्दाम खोटी वेळ सांगून मुदत संपलेला पास खपवत असू शकतो. मूळचा एनटीपी प्रोग्रॅम १,००० सेकंदांपेक्षा जास्त फरक दिसला की कामच थांबवतो. साध्या घरगुती विंडोजमध्ये ही मर्यादा ५४,००० सेकंद, म्हणजे १५ तास ठेवलेली असते. आमचा फरक दहा वर्षांहून जास्त! मला यात त्या पद्धतीचा दोष दिसत नाही. मीही असंच लिहिलं असतं.

तर सांगायचं काय, यात अण्णांचा दोष शून्य. नेटचा शून्य. लॅपटॉपचा म्हणाल तर सेल म्हातारा झाला, हा काय दोष? तारीख हाताने बरोबर केली, ॲप उघडलं, लागलं. पंधरा मिनिटांत. सेल नंतर बदलून घेतला, चहा-भज्याच्या पैशात आला, वर दुरुस्तीवाल्याची मजुरी. नावं ठेवायची तर मी एकालाच ठेवेन, त्या चौकटीला. ॲपचं नाव इथे लिहीत नाही, कारण हा रोग एका ॲपचा नाही.

आणि गंमत म्हणजे त्या ॲपला खरं कारण कळलेलं असतं! जोडणी फसते तेव्हा खालच्या थरातून स्पष्ट उत्तर वर येतं, की प्रमाणपत्राची मुदत तारखेत बसत नाही. हे उत्तर हातात असताना वरच्या थरात बसलेला कुणीतरी ते टोपलीत टाकतो. शिवाय याहून सोपी युक्ती आहे. प्रत्येक ॲपला आपण कधी बांधले गेलो ती तारीख माहीत असते. लॅपटॉप म्हणतो आज २०१५ आहे, आणि ॲप जन्मलंय त्यानंतर कित्येक वर्षांनी. बाळाच्या जन्माआधी बाळाचं बारसं कसं होईल? घड्याळ चुकलंय हे सिद्ध करायला आणखी काय पुरावा लागतो? चार ओळींचं काम आहे हो.

मित्रांशी यावर वाद घातला तेव्हा एक जण म्हणाला, "असले दोन टक्के लोक असतील, त्यांच्यासाठी कोण कोड लिहिणार?" (दोन टक्के हा आकडा त्याने तिथेच, मिसळ खाता खाता तयार केला.) त्याला एकच सांगितलं, की हा प्रकार कमी होणार नाही, वाढणार आहे. वेबवरच्या या प्रमाणपत्रांची मुदत सप्टेंबर २०२०पासून जास्तीत जास्त ३९८ दिवस होती. एप्रिल २०२५मध्ये प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्था आणि ब्राउझरवाले यांच्या मंडळाने ती टप्प्याटप्प्याने उतरवायचं ठरवलं. १५ मार्च २०२६पासून २०० दिवस, २०२७च्या मार्चपासून १०० आणि १५ मार्च २०२९पासून फक्त ४७ दिवस. सुरक्षिततेसाठी निर्णय चांगलाच आहे. पण पासची मुदत दीड महिन्यावर आली की कॅलेंडर दोन-तीन महिने मागे असलेल्या कंडक्टरचीही पंचाईत होणार. आणि जुने लॅपटॉप, फुगलेल्या बॅटऱ्या, भिंतीवरचं बटण बंद करायची सवय हे सगळं कुठे आहे? तुमच्या-माझ्या आई-वडिलांच्या घरी.

दुसरं, कंपनीच्या बाजूलाही हेच प्रमाणपत्र संपू शकतं, आणि संपलेलं आहे. ३ फेब्रुवारी २०२०ला मायक्रोसॉफ्ट टीम्स कित्येक तास बंद पडलं. कारण काय, तर त्यांच्याकडच्या एका प्रमाणपत्राचं नूतनीकरण करायचं राहून गेलं होतं. एवढी मोठी कंपनी, एवढे हुशार लोक, आणि पास काढायचा राहिला. त्यांनी ते उघडपणे सांगितलं हे चांगलं केलं. अशा दिवशी जगभरात किती जणांनी आपापले राऊटर बंद-चालू केले असतील याचा मी नेहमी विचार करतो.

स्काइपचंही असंच. आता स्काइप राहिलं नाही, ५ मे २०२५ला मायक्रोसॉफ्टने ते बंद केलं, पण आमच्या पिढीच्या किती घरांत पहिला व्हिडिओ कॉल त्यावरच झाला असेल! त्याआधी परदेशी फोन म्हणजे पिवळ्या पाटीचं एसटीडी-आयएसडी बूथ, काचेची खोली आणि डोळ्यांसमोर पळणारा लाल आकडा. निम्मं बोलणं "ठेवतो, बिल वाढतंय" यातच जायचं. २००३ साली एस्टोनियातल्या पोरांनी बांधलेलं हे सॉफ्टवेअर आलं, आणि २००६च्या सुरुवातीला दुसऱ्या आवृत्तीत त्यात व्हिडिओ आला. त्याची रचना मजेदार होती. मधे मोठा सर्व्हर ठेवण्याऐवजी वापरणाऱ्यांच्याच संगणकांवर पुष्कळसा भार टाकलेला. ज्याचं नेट बरं, त्याचा संगणक नकळत इतरांना पत्ते शोधून देणारा. गावात कसं, पोस्टमनला घर सापडलं नाही तर चौकातल्या टपरीवाल्याला विचारतात तसं.

आता १६ ऑगस्ट २००७ला काय झालं बघा. विंडोजचे नेहमीचे अपडेट आले, जगभरातले असंख्य संगणक थोड्या वेळात बंद होऊन पुन्हा चालू झाले, आणि सगळ्यांनी एकदम स्काइपमध्ये शिरायचा प्रयत्न केला. नेमके पत्ते सांगणारे टपरीवालेही त्याच वेळी दुकान बंद करून बसलेले. त्यातून स्काइपच्या आतली एक चूक उघडी पडली आणि सुमारे दोन दिवस स्काइप कोलमडलं. ज्याच्या घरी ते बंद पडलं त्याने त्या दिवशी काहीही केलं नव्हतं, शहाण्या माणसासारखा अपडेट घेतला होता.

स्काइप कायमचं बंद झालं तेव्हा मला वाईट वाटलं, राग आला नाही. २८ फेब्रुवारी २०२५ला त्यांनी सांगितलं की अमुक तारखेला बंद करतोय, टीम्सवर या, नको असेल तर तुमचा मजकूर उतरवून घ्या. साडेआठ अब्ज डॉलरला २०११ साली घेतलेली वस्तू अशी मोडीत काढावी का यावर वाद घालता येईल. पण "आम्ही दुकान बंद करतोय" ही पाटी वाचून कुणा अण्णाला असं वाटणार नाही की आपण दार जोरात ढकललं म्हणून दुकान बंद पडलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की चौकटीने तीन गोष्टी सांगाव्यात. काय चालू आहे, काय बंद आहे, आणि कुणी काय करायचं. आमच्या बाबतीत ती अशी असती: "तुमचं इंटरनेट चालू आहे. पण या लॅपटॉपची तारीख १ जानेवारी २०१५ दाखवते आहे, म्हणून सुरक्षित जोडणी करता येत नाही. तारीख बरोबर करा." वाटलं तर खाली बटण द्या, थेट तारखेच्या सेटिंगवर नेणारं. आणि कारण सापडलंच नाही तर "आम्हाला कारण कळलं नाही" असं लिहा की! डॉक्टरही म्हणतात, रिपोर्ट येऊ द्या. सॉफ्टवेअरलाच कसला एवढा मान?

दुसरी बाजू आपली, म्हणजे शहरात बसून गावाकडचा लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या तमाम मुला-मुलींची. आपण फोनवर पहिला प्रश्न काय विचारतो? "तुम्ही काय केलंत?" झालं! समोरचा माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात. मग तो आठवून आठवून, न केलेल्या गोष्टीही कबूल करतो आणि आपण त्या खोट्या कबुलीच्या मागे अर्धा तास घालवतो. "आत्ता काय दिसतंय?" असं विचारा. जसंच्या तसं वाचायला सांगा, अर्थ सांगू नका म्हणावं. दुसऱ्या फोनने पडदा दाखवायला सांगा. आणि घरातल्या त्या माणसाला जवळ बोलवा ज्याला लॅपटॉपमधलं काही कळत नाही असं सगळे समजतात. आमच्याकडे कोपरा बघितला तो आईने.

हे सगळं भावनेपोटी सांगत नाहीये, यात एक ढळढळीत धोका आहे. ज्या माणसाला वाटतं चूक आपली आहे आणि मुलांना सांगायची लाज वाटते, तो मदत शोधायला कुठे जाणार? जालावर. ॲपचं नाव आणि पुढे 'कस्टमर केअर नंबर' टंकणार. तिथे जे नंबर मिळतात त्यातले काही चोरांचे असतात. ते गोड बोलतात, दूरवरून पडदा बघता येईल असं एक ॲप टाकायला लावतात आणि बँक खातं साफ करतात. रिझर्व्ह बँकेने २०१९ सालीच अशा दूरवरून ताबा घेणाऱ्या ॲपबद्दल बँकांना सावध केलं होतं. पुढे तर व्हिडिओ कॉलवर खोटा पोलीस बसवून 'डिजिटल अरेस्ट' करण्यापर्यंत मजल गेली, इतकी की ऑक्टोबर २०२४च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांना त्यावर बोलावं लागलं. अण्णांनी असा नंबर शोधला नाही, हे आमचं नशीब. पण चौथा-पाचवा रविवार आला असता तर शोधला नसता असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. घरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने १९३० हा सायबर मदतीचा नंबर आता लिहून ठेवलाय, आणि त्याखाली, काहीही बंद पडलं तर आधी मला किंवा ताईला.

परवा हापिसात आमच्याही एका प्रॉडक्टमधली तसलीच चौकट शोधून काढली आणि रीतसर तिकीट टाकलं. मॅनेजर म्हणाला, "चांगलं आहे, पण मजकूर लांब होतोय, डिझाइनवाले नाही म्हणतील." डिझाइनवाली म्हणाली, "मला चालेल, पण भाषांतराचं बघावं लागेल." भाषांतरवाल्यांनी विचारलं, किती भाषा. मी म्हटलं, मराठीचं मी करून देतो, फुकट, आजच. तिकीट अजून तिथेच आहे, पुढच्या स्प्रिंटमध्ये घेऊ म्हणालेत. तुमच्यापैकी कुणी अशा चौकटी लिहीत असाल तर वरचा मजकूर खुशाल उचला, परवानगी विचारायची गरज नाही. फक्त तारीख बदला.